चेंडू वळतो हवेत, वळवायचा जमिनीवर

वेळणेश्वरात बसून गोल्फवर बोलायचं म्हणजे काहींना गंमत वाटेल. इथे पुळणीवर क्रिकेट चालतं, गोल्फ नाही. पण खेळ तितका परका राहिलेला नाही. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. आज आपण एकच प्रश्न घेऊ. गोल्फचा चेंडू हवेत डावी-उजवीकडे वळतो. खेळाडू तो वळवतो नेमका केव्हा?

आधी चेंडूचं पाहू. तो मागच्या बाजूला गिरक्या घेत उडतो. गिरकीचा अक्ष आडवा असेल तर चेंडू सरळ जातो; अक्ष एका बाजूला कलला की त्या बाजूला वळतो. अक्ष कलतो कशानं? काठीच्या पात्याचं तोंड एकीकडे आणि काठी फिरण्याचा मार्ग दुसरीकडे असला, की त्या फरकानं. चेंडू सुटतो मुख्यतः तोंडाच्या दिशेनं. पूर्वी शिकवणारे म्हणत, मार्गाच्या दिशेनं सुटतो. रडारच्या मोजमापांनी ते खोडून काढलं.

आता हात. उजवा खेळाडू धरू. मूठ आवळण्याचा इथे संबंध नाही, मूठ वळवण्याचा आहे. दोन्ही हात दांड्यावर थोडे उजवीकडे फिरवून धरले, डाव्या हाताची तीन पेरं वरून दिसू लागली, की फटक्याच्या वेळी तोंड मिटण्याकडे झुकतं. चेंडू डावीकडे वळतो, हा ड्रॉ. हात डावीकडे फिरवले की तोंड उघडं राहतं, चेंडू उजवीकडे वळतो, हा फेड.

मग उभं राहणं. ड्रॉसाठी पाय, कंबर, खांदे लक्ष्याच्या थोडे उजवीकडे रोखायचे आणि पात्याचं तोंड त्या रेषेच्या आणि लक्ष्याच्या मधे ठेवायचं. चेंडू उजवीकडे सुटतो, वळून लक्ष्यावर येतो. फेडसाठी याच्या उलट.

इथे एक फसगत होते. ज्याचा चेंडू नको असताना उजवीकडे पळतो, तो घाबरून अंग आणखी डावीकडे रोखतो. त्यामुळे मार्ग डावीकडे जातो, तोंड मात्र उघडंच. म्हणजे फरक वाढला, आणि चेंडू आणखीच पळाला! दोष झाकायला केलेली सोय दोषालाच खतपाणी घालते. हे फक्त गोल्फमध्ये होतं असं थोडंच आहे?

पाता आणि चेंडू एकमेकांना लागतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. डोळ्यानं पाहून हात हलवायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. म्हणजे त्या क्षणी आपली इच्छा तिथे नसतेच. मग फटका आपला कसा? हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, तरी तो फेकणं आपल्या हाती होतं, असा दाखला ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात दिलाय. आपलं स्वातंत्र्य असतं ते आधी: मूठ कशी धरली, पाय कुठे रोवले, आणि हे रोज किती वेळा केलं, यात.

म्हणून पोराचा फटका चुकला की लांबून 'नीट मार रे' असं ओरडण्यात अर्थ नाही. चेंडू गेला तो गेला. जवळ जावं, त्याची मूठ पाहावी, पाय पाहावेत. सुधारायची जागा तिथे आहे.