पाहुणा थांबावा, अडकू नये

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून तुळजापूरकडे उतरणारा रस्ता कळमनुरी तालुक्यात जिथे एकमेकांना भेटतात, ते ठिकाण म्हणजे वारंगा फाटा. फाट्यावर येणाऱ्या बहुतेकांना दुसरीकडेच जायचे असते. तरीही गाड्या थांबतात, माणसे उतरतात, आणि इथली गरम खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जायचे नाही असा कित्येकांचा नेम असतो. व्यापाराचे संकेतस्थळ कसे असावे, असे कुणी विचारले की मला हा फाटा आठवतो. संकेतस्थळावर येणारा माणूसही वाटसरूच असतो. तो आपल्यासाठी आलेला नसतो, स्वतःच्या कामासाठी आलेला असतो.

हल्ली मंगल कार्यालयापासून हळदीच्या आडतीपर्यंत सगळ्यांची संकेतस्थळे झाली आहेत. उघडून पाहावे तर आधी मालकांचे छायाचित्र, मग 'आपले सहर्ष स्वागत', मग संस्थापकांचे चरित्र आणि डोळ्यांपुढून पळणारी रंगीत अक्षरे. भाव कुठे आहे, फोन कुणाला करायचा, याचा पत्ता नाही. बँकेच्या नोकरीत मी हेच वेगळ्या रूपात पाहिले. खिडकीवर 'समाशोधन विभाग' अशी पाटी असली की माणसे चेक हातात घेऊन भलत्याच रांगेत उभी राहत, आणि लोक त्यांना अडाणी म्हणत. वास्तविक 'चेक इथे द्या' एवढे लिहिले असते तर काम भागले असते. चूक पाटीची, बोल मात्र गिऱ्हाइकाला!

या साध्या गोष्टीचे पुढे शास्त्र झाले. जेकब नीलसन या डॅनिश तज्ज्ञाने १९९३ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या धीराची मापे सांगितली. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडून दुसरीकडे जाते. आता आपल्या भागातल्या मोबाइलवर, एकच काडी रेंज असताना, मालकांचे ते भले मोठे छायाचित्र उतरायला किती वेळ लागत असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. नीलसननेच २०००मध्ये आणखी एक सोयीची गोष्ट सांगितली: संकेतस्थळातले बहुतेक दोष शोधायला पाच माणसे पुरतात. त्यासाठी पुण्या-मुंबईचा सल्लागार नको. शेजारच्या काकूंच्या हाती मोबाइल द्यावा, 'यातला आजचा भाव शोधून सांगा' म्हणावे, आणि आपण गप्प बसून पाहावे. गप्प बसणेच अवघड असते, हे वेगळे!

उत्तम उदाहरण फाट्यावरच्या प्रवाशांच्याच ओळखीचे आहे. २००५च्या दिवाळीत बंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरला गावी जायला बसचे तिकीट मिळाले नाही. या दलालाकडून त्या दलालाकडे हेलपाटे झाले. कुठल्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत, हे कुणालाच एका ठिकाणी दिसत नव्हते. त्यातून २००६मध्ये मित्रांच्या साथीने 'रेडबस' उभी राहिली. आसनांचा नकाशा, खिडकीची जागा, चढायचे ठिकाण, वेळ आणि भाडे हे सारे प्रवाशाला समोर दिसू लागले. प्रवासी एरवी एजंटला जे प्रश्न विचारतो, तेच तिथे ओळीने मांडले होते. शोभेपेक्षा हे उपयोगी पडले.

पण गिऱ्हाईक 'थांबवण्याच्या' या विद्येला एक वाईट वळणही आहे. मध्यंतरी एका कंपनीची मासिक वर्गणी मी भरत होतो. सुरू करायला एक बटण पुरले. बंद करायला पाच पडदे ओलांडावे लागले, आणि प्रत्येक पडद्यावर 'खरेच जाताय?' असा रडवेला प्रश्न. कुठे 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई, तर कुठे टोपलीत न मागता टाकलेली वस्तू. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश तज्ज्ञाने २०१०मध्ये या फसव्या रचनांना 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली. घरातल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. विशेषतः आजी-आजोबांच्या मोबाइलवर 'मोफत' म्हणून सुरू झालेल्या गोष्टींकडे मुला-नातवंडांनी महिन्यातून एकदा नजर टाकावी.

कादंबरी लिहिणाऱ्यालाही वाचक थांबवायचाच असतो. परंतु पाने एकमेकांना चिकटवून कुणी वाचक राखत नाही. पुढे काय झाले हे त्याला जाणून घ्यायचे असते, म्हणून तो पान उलटतो.

आमच्या शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत थेट न्यायला तरुण पोरे धडपडताहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: आजचा भाव तारखेसह लिहा. गेल्या दिवाळीची सवलत पाडव्यापर्यंत झळकत राहिली की दुकान बंद पडले असे लोक समजतात. मालाचा खरा फोटो द्या. किमान किती किलो, वाहतुकीचा खर्च किती, माल खराब निघाला तर काय, हे आधीच सांगा. पैसे भरायच्या पडद्यावर नवे आकडे काढू नका. मराठीत लिहा, युनिकोडमुळे आता वेगळा फॉन्ट उतरवून घ्यायची कटकट उरलेली नाही. अक्षर मोठे ठेवा, आणि फोन नंबर पहिल्याच पडद्यावर द्या. मग त्या नंबरावर फोन आला की तो उचलाही.