कालचे श्रेष्ठ की आजचे? तुलनेमागचे गणित

विजय मर्चंट मोठे, सुनील गावसकर मोठे, की सचिन तेंडुलकर? मधल्या सुट्टीत हा वाद सुरू झाला की घंटा होईपर्यंत संपत नाही. आकडे दोन्ही बाजूंकडे असतात. जुन्यांचे चाहते सांगतात, की रणजी सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ९८.७५ होती. नव्यांचे चाहते म्हणतात, की तेव्हा गोलंदाजांना आजची धार नव्हती. हा वाद मिटवणे आमच्या हाती नाही. मात्र असे आकडे नेमके काय मोजतात, हे वर्गात तपासून पाहता येते.

आकडा कशाचा?

भिवंडीला लागून असलेल्या कल्याणचेच उदाहरण घेऊ. जानेवारी २०१६मध्ये तेथील एका आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मोडला. इतका वेळ एकाग्रतेने खेळणे सोपे नाही. पण याच सामन्यात प्रतिस्पर्धी संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे १००९ हा आकडा केवळ फलंदाजाची ताकद मोजत नाही. फलंदाज आणि समोरचा संघ यांच्यातील अंतर मोजतो.

आता एकेक पायरी वर चढू. रणजी करंडकातील सर्वोच्च धावसंख्या आहे भाऊसाहेब निंबाळकरांची, नाबाद ४४३. महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी ती डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध केली. कसोटी सामन्यांतील सर्वोच्च धावसंख्या आहे ब्रायन लाराची, नाबाद ४०० (२००४). शाळा १००९, राज्य ४४३, देश ४००. वर जावे तसा विक्रम लहान होत गेला. खेळाडू मात्र लहान झाले नाहीत. निवड कडक होत गेली, आणि पहिला व इतर यांच्यातील अंतर घटले.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

हे वर्गात करून पाहता येईल. शाळेतील सुमारे २०० मुलामुलींच्या लांब उडीची सेंटिमीटरमध्ये नोंद करावी. प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात. न बघता १० चिठ्ठ्या काढाव्यात आणि पहिल्या व दुसऱ्या क्रमांकातील अंतर टिपावे. चिठ्ठ्या परत टाकून, डबा हलवून असे २० वेळा करावे व सरासरी काढावी. मग दर वेळी ५० चिठ्ठ्या काढून तेच करावे. एखाद्या वेळी उलटे उत्तर येईल, म्हणून सरासरी हवीच. सामान्यतः दुसरी सरासरी लहान येते आणि सर्वोत्तम उडी मोठी येते. गट मोठा झाला, की शिखर उंच होते आणि शिखरावर गर्दीही होते.

याचे कारण आपल्या शरीरात आहे. हाडे, स्नायू, डोळ्याने पाहिल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ, या सर्वांना मर्यादा आहेत. ती एक भिंत समजा. खेळणारे थोडे असताना एखादाच भिंतीजवळ पोहोचतो व दुरून उठून दिसतो. खेळणारे वाढले, शिकवण सुधारली, की पुष्कळजण भिंतीपाशी दाटीने उभे राहतात. मग उठून दिसणे कठीण होते. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी बेसबॉलमधील मोठ्या फलंदाजी-सरासऱ्या का नाहीशा झाल्या, हे याच तर्काने समजावले होते.

मुंबईची पंधरा वर्षे

१९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग १५ वेळा रणजी करंडक मुंबईने जिंकला. उलट २०१६-१७ ते २०२४-२५ या काळातील आठ स्पर्धांत पाच निरनिराळे विजेते झाले: गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र, मध्य प्रदेश आणि मुंबई. यांपैकी पहिल्या चौघांनी याच काळात हा करंडक प्रथमच जिंकला. एवढ्यावरून मुंबईचे खेळाडू घसरले असे ठरत नाही. नागपूर, राजकोट, इंदूर येथील मुले भिंतीजवळ आली, हे अधिक सयुक्तिक उत्तर आहे.

बास्केटबॉलमध्ये हेच जागतिक प्रमाणावर दिसते. १९६१-६२च्या हंगामात सात फुटांहून उंच विल्ट चेंबरलेनने दर सामन्यात सरासरी ५०.४ गुण केले. तेव्हा अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत नऊ संघ होते आणि जवळजवळ सर्व खेळाडू अमेरिकन. आज ३० संघ आहेत. २०२३-२४च्या आरंभी अमेरिकेबाहेरचे १२५ खेळाडू तेथे होते, ४० देशांतून आलेले. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सर्वोत्तम खेळाडूचा मान ग्रीस, सर्बिया, कॅमेरून व कॅनडा येथील खेळाडूंनाच मिळाला. चेंबरलेनची सरासरी आजही अबाधित आहे. तिच्याजवळ जाणे अवघड होण्याचे एक कारण ही वाढलेली गर्दी आहे. नियम आणि खेळण्याची पद्धत बदलली, हे दुसरे.

मग तुलना करूच नये का?

करावी, पण दोन प्रश्न विचारून. खेळाडू आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता? आणि ते समकालीन किती लोकांतून निवडलेले होते? डॉन ब्रॅडमन यांची कसोटी सरासरी ९९.९४, त्यांच्यानंतरचे फलंदाज साठ-बासष्टच्या आसपास थांबतात. एवढी मोठी दरी केवळ ‘तेव्हा खेळणारे थोडे होते’ म्हणून बुजत नाही. तर्क कोठे संपतो, हेही विद्यार्थ्यांना दाखवावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेत सापडत नाही. २०११मध्ये भिवंडी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे सात लाख होती. पण ज्या मुलाला मैदान नाही, ज्या मुलीला संध्याकाळी घराबाहेर खेळू दिले जात नाही, यंत्रमागाच्या वस्तीतील ज्या पोराच्या हाती कधी चेंडूच आला नाही, ते निवडीच्या डब्यातच नाहीत. त्यांची चिठ्ठी कोणी टाकलेली नाही. श्रेष्ठ कोण, हा वाद मुलांना खुशाल घालू द्यावा. चिठ्ठ्या वाढवण्याचे काम मात्र शाळेचे आहे.