राणीछाप रुपया घासू नका

म्हसवड, माण भागात जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात अजूनही राणीछाप रुपये सापडतात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते चिंच किंवा राखेने घासून लख्ख करण्याची रीत आहे. श्रद्धा समजण्यासारखी आहे, पण नुकसान मोठे होते.

व्हिक्टोरिया राणीच्या या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग या थरावर उमटतात: आधी फिका सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. थर फार जाड झाला की नाणे नुसतेच काळे दिसते आणि त्याला चाहते कमी. पण राणीच्या मुकुटाभोवती सोनेरी, कडेला निळसर झाक असलेले, न झिजलेले नाणे संग्राहक साध्या नाण्यापेक्षा जास्त किमतीला घेतात. माझ्या मते ते योग्यच आहे. असा रंग जमायला वर्षानुवर्षे लागतात आणि तो दुसऱ्या नाण्यावर तसाच पुन्हा येत नाही.

म्हणूनच बनवाबनवीही चालते. गंधक लावून, तापवून रंग आणतात. तो भडक दिसतो, खोलगट जागीही सलग पसरलेला असतो. जाणकार अशा नाण्याला हात लावत नाहीत.

पूजेत रुपया जरूर ठेवा. हळदकुंकू शेजारी वाहा, नाणे फक्त कडेला धरा, पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका. आणि विकायचे असेल तर जाणकाराला दाखवण्याआधी अजिबात धुऊ नका.