विश्लेषण : हॉटेलने कार्डावर ‘होल्ड’ केलेले पैसे नेमके असतात कुठे?

डिजिटल डेस्क, नंदुरबार

दिवाळीच्या सुट्टीतली सहल असो, सुरतच्या दवाखान्यात दाखल नातेवाइकासाठी जवळच घेतलेली खोली असो, की मुलीच्या परीक्षेसाठी पुण्यातला दोन-तीन रात्रींचा मुक्काम. मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर कार्ड मशिनला लागते, मोबाइल वाजतो आणि खात्यातली उपलब्ध रक्कम एकदम कमी दिसू लागते. बिल तर अजून झालेलेच नसते. नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या लॉजवर सहसा आधार कार्डाची झेरॉक्स आणि रोख किंवा यूपीआयने दिलेला ॲडव्हान्स एवढ्यावर काम भागते. त्यामुळे जिल्ह्यातील अनेकांची या पद्धतीशी पहिली गाठ जिल्ह्याबाहेरच पडते. हे पैसे कापले गेले की फक्त अडवले गेले? ते परत कधी मिळतात? आणि नाही मिळाले तर दाद कुठे मागायची?

‘होल्ड’ म्हणजे काय?

बँकिंगच्या भाषेत याला ‘प्री-ऑथरायझेशन’ किंवा ‘प्री-ऑथ’ म्हणतात. हॉटेल तुमच्या बँकेला विचारते, ‘या ग्राहकाकडे अमुक रक्कम आहे का? असेल तर ती आमच्यासाठी बाजूला ठेवा.’ बँक होकार देते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. पैसे हॉटेलच्या खात्यात गेलेले नसतात, तुम्हालाही ते वापरता येत नाहीत.

आयपीओसाठी अर्ज केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही अर्जाची रक्कम खात्यातच ‘ब्लॉक’ होते, शेअर मिळाले तरच कापली जाते, नाहीतर मोकळी होते. हॉटेलच्या होल्डचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की आयपीओत रक्कम मोकळी होण्याचे वेळापत्रक ठरलेले असते. हॉटेलच्या बाबतीत बरेचसे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मशिनवर कोणते बटण दाबले यावर अवलंबून असते.

हॉटेलांना याची गरज का भासते?

दुकानात वस्तू घेतली की किंमत तिथल्या तिथे ठरते. हॉटेलात पाहुणा आला तेव्हा अंतिम बिल किती होईल हे कोणालाच माहीत नसते. जेवण, कपडे धुणे, गाडी, वाढवलेला मुक्काम, खोलीतील वस्तूंचे नुकसान हे सगळे नंतर जोडले जाते. पाहुणा बिल न देता निघून गेला तर हॉटेलच्या हाती काही राहत नाही. म्हणून खोलीभाडे, कर आणि वर काही अंदाजे रक्कम आधीच अडवून ठेवली जाते. ही वरची रक्कम किती असावी, हे हॉटेल स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच शहरातील दोन हॉटेलांत ती वेगवेगळी असू शकते.

पडद्यामागे काय घडते?

या व्यवहाराचे तीन टप्पे असतात.

पहिला, परवानगी. हॉटेलच्या मशिनवरून विनंती हॉटेलच्या बँकेकडे, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते. तुमची बँक रक्कम अडवते आणि एक मंजुरी क्रमांक परत पाठवते. हा क्रमांक स्लिपवर छापलेला असतो. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

दुसरा, पूर्तता. खोली सोडताना हॉटेल त्याच मंजुरी क्रमांकावर प्रत्यक्ष बिलाची रक्कम टाकते. तेवढेच पैसे कापले जातात आणि उरलेली रक्कम मोकळी होते.

तिसरा, रद्द करणे. बिल दुसऱ्या मार्गाने भरले असेल, तर हॉटेलने होल्ड रद्द केल्याचा संदेश पाठवायचा असतो.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात. जुना होल्ड पूर्ण न करता कर्मचाऱ्याने नव्याने कार्ड स्वाइप केले, तर बँकेच्या दृष्टीने ते दोन वेगळे व्यवहार ठरतात. बिल यूपीआयने घेतले आणि होल्ड रद्द करायचे राहून गेले, तरी बँकेला ते आपोआप कळत नाही.

उदाहरणाने समजून घेऊ

समजा, खोलीभाडे रोज ४,००० रुपये आणि मुक्काम तीन रात्रींचा आहे. भाडे १२,००० रुपये होते. रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास सध्या ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ६०० रुपये. हॉटेलने वरखर्चासाठी ५,००० रुपये धरले, तर एकूण होल्ड १७,६०० रुपयांचा झाला. खात्यात ४०,००० रुपये असतील, तर वापरण्याजोगे २२,४०० रुपये उरतात.

जाताना जेवण आणि इतर खर्चाचे करासह १,२५० रुपये जोडून बिल १३,८५० रुपये झाले. हॉटेलने त्याच होल्डवर पूर्तता केली, तर १३,८५० रुपये कापले जातात आणि ३,७५० रुपये मोकळे होतात. खात्यात २६,१५० रुपये राहतात.

पण हॉटेलने नव्याने कार्ड स्वाइप केले, तर १७,६०० रुपये अडकलेलेच राहतात आणि १३,८५० रुपये वेगळे कापले जातात. एकूण ३१,४५० रुपये हाताबाहेर जातात आणि वापरण्याजोगे उरतात केवळ ८,५५० रुपये. कोणी फसवणूक केलेली नसते, चूकही वाटण्यासारखी मोठी नसते. पण पाच तारखेला ९,५०० रुपयांचा कर्जाचा हप्ता असेल, तर तो परत जातो. त्यावर बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्या संस्थेचा दंड आणि क्रेडिट स्कोअरवर डाग असा तिहेरी फटका बसू शकतो. दवाखान्यात डिपॉझिट भरायला निघालेल्या कुटुंबासाठी तर हे गणित आणखी अवघड होते.

डेबिट कार्डावर फटका जास्त का?

क्रेडिट कार्डावर होल्ड पडला, तर अडते ती बँकेने दिलेली मर्यादा. होल्डची रक्कम पूर्ततेपर्यंत देय बिलात धरली जात नाही, त्यामुळे त्यावर व्याजही नसते. मात्र मर्यादा कमी असेल, तर पुढचा व्यवहार नाकारला जाऊ शकतो.

डेबिट कार्डावर अडतो तो तुमचा स्वतःचा पैसा. पगार, पिकाचे पैसे, घरखर्च सगळे त्याच खात्यात असते. शिवाय डेबिट कार्डावर प्री-ऑथ सगळीकडे चालतेच असे नाही. अशा वेळी हॉटेल थेट ‘सेल’ करून डिपॉझिट घेते आणि जाताना ‘रिफंड’ करते. हा होल्ड नव्हे. पैसे खरोखरच कापले गेलेले असतात आणि परतावा हा नवा व्यवहार असतो, त्यामुळे तो खात्यात दिसायला काही कामकाजाचे दिवस लागतात. स्लिपवर ‘प्री-ऑथ’ छापले आहे की ‘सेल’, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पैसे किती दिवसांत मोकळे होतात?

हॉटेलने रद्दचा संदेश पाठवला, तर अनेकदा त्याच दिवशी, नाहीतर काही दिवसांत. संदेश गेलाच नाही, तर होल्डची मुदत संपेपर्यंत वाट पाहावी लागते. साध्या खरेदीत ही मुदत कमी असते. हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांच्या बाबतीत ती साधारण ३० दिवसांपर्यंत जाऊ शकते. बँकेत जाऊन विनंती केली, तरी बँक सहसा हॉटेलकडून लेखी खात्री मागते, कारण तिने हॉटेलला त्या रकमेची हमी दिलेली असते.

रोज १०० रुपये भरपाईचा नियम लागू होतो का?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी मुदत ठरवून दिली. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराच्या मशिनवर खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळते. होल्ड मात्र ‘फसलेला’ व्यवहार नसून यशस्वी मंजुरी असते. त्यामुळे नुसता होल्ड लांबला म्हणून या नियमाखाली भरपाई मागता येत नाही. पण होल्ड लावतानाच मशिन बंद पडले, स्लिप आली नाही आणि रक्कम गेली, तर हा नियम तुमच्या बाजूने आहे.

यूपीआयचा पर्याय आहे का?

यूपीआयने दिलेला ॲडव्हान्स हा होल्ड नसतो, तो थेट हस्तांतर असतो. परत देणे हॉटेलच्याच हाती राहते. यूपीआयमध्येही रक्कम खात्यात ब्लॉक करून गरजेप्रमाणे कापण्याची सोय देण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ७ डिसेंबर २०२२ रोजी केली होती. तेव्हा दिलेल्या उदाहरणांत हॉटेल बुकिंगचाही समावेश होता. काउंटरवर मात्र आजही प्रामुख्याने कार्डच मागितले जाते.

काय काळजी घ्यावी?

• बुकिंग करतानाच विचारा : होल्ड किती रकमेचा, किती दिवसांचा? रोख डिपॉझिट चालेल का?
• शक्य असेल तर होल्डसाठी क्रेडिट कार्ड द्या. ज्या खात्यातून हप्ते जातात त्याचे डेबिट कार्ड टाळा.
• पिन टाकण्यापूर्वी मशिनवरची रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार पाहा.
• खोली सोडताना ‘आधीचाच होल्ड पूर्ण करा, नवीन स्वाइप नको’ असे स्पष्ट सांगा.
• बिल रोख किंवा यूपीआयने भरल्यास होल्ड रद्द केल्याची स्लिप मागून घ्या.
• होल्डची स्लिप, अंतिम बिल आणि एसएमएस महिनाभर जपून ठेवा.
• कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो किंवा झेरॉक्स देऊ नका. मागचा तीन अंकी क्रमांक कोणाच्याही हाती लागू नये.

तक्रार कुठे करायची?

आधी हॉटेलच्या हिशेब विभागाला ई-मेल करा. त्यात मंजुरी क्रमांक, तारीख, रक्कम आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक लिहा. हॉटेलचे उत्तर आले, की ते जोडून स्वतःच्या बँकेला लिहा. बिलापेक्षा जास्त रक्कम प्रत्यक्ष कापली गेली असेल, तर बँकेकडे ‘डिस्प्यूट’ नोंदवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. हॉटेलच्या सेवेबद्दल तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक सावधगिरी मात्र हवीच. अडकलेले पैसे सोडवण्याच्या घाईत अनेक जण इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतात आणि भामट्यांच्या हाती लागतात. हॉटेलचा क्रमांक बिलावरून आणि बँकेचा कार्डाच्या मागून घ्या. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. कोणी तो मागितला तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.