वीज पडलेल्या माणसाला बिनधास्त हात लावा

चाकणला वळीव कोसळला की शिफ्ट सुटलेली पोरं बाईक लावून झाडाखाली थांबतात. नेमकं तेच नको! झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते.

वीज पडलेल्याच्या अंगात करंट उरत नाही, तेव्हा हात लावायला भिऊ नका. थांबलेलं हृदय कधी आपोआप सुरू होतं, श्वास मात्र बंदच राहतो आणि माणूस हातचा जातो. म्हणून १०८ ला फोन, छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं.

बहुतेक जण वाचतात. कानाचा पडदा फाटतो, पाय काही तास लुळे नि गार पडतात. पाठीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते, दिवसभरात विरतेही. मोतीबिंदू मात्र काही महिन्यांनीही येतो. विसराळूपणा, चिडचिड तर दिसतच नाही, घरचे म्हणतात, "धडधाकट तर आहे!"

पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये घ्या. फुकट आहे.