परमुलखी सेवेचे पहिले दिवस

पनवेल तालुक्यातील ज्या खाचरांत व मिठागरांत मागील पिढीपर्यंत भात व मीठ पिकत असे, त्यांपैकी काही जागेवर आता विमानतळ झाला आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा आमच्या सभासदांची मुले उंबऱ्यावरूनच परदेशी निघावयाची, हे उघड आहे. पोटासाठी जाणाऱ्यांविषयी येथे लिहावयाचे नाही. परंतु वेतन न घेता, केवळ सेवेच्या हेतूने काही महिने परमुलखी राहू इच्छिणारा तरुणही अलीकडे भेटतो. आणि त्याचा बाप विचारतो की, लावणीला येथे माणूस मिळत नाही, मग हा तेथे जाऊन काय करणार? प्रश्न रास्त आहे.

या संबंधात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे पहिले दिवस आठवतात. जपानने चीनवर स्वारी केली असता काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. राष्ट्राध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून त्यासाठी 22,000 रुपये जमले होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, ते स्पेनच्या युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील. आणि कोटणीस अवघे सत्तावीस वर्षांचे. 1 सप्टेंबर 1938 रोजी 'राजपुताना' बोटीने मंडळी मुंबईहून निघाली व 17 तारखेस कँटनला पोहोचली. स्वागत थाटाचे झाले. परंतु जखमी सैनिकांची खरी गरज जेथे होती, तेथे जावयास त्यांस पुढील फेब्रुवारी उजाडला!

मध्यंतरी काय झाले? महिनाअखेर ते हँकोला आले, तो शत्रू जवळ येऊन ठेपला. ऑक्टोबरात कँटन पडले, पाठोपाठ हँकोही पडले. पथक यीचांगला व तेथून चुंगकिंगला हटले. बरोबर औषधे होती, रुग्णवाहिका होती, हातात विद्या होती. परंतु भाषा नव्हती, आणि मार्ग दुसऱ्याच्या हाती होता. चुंगकिंगच्या मुक्कामातच कोटणिसांस वडील वारल्याची वार्ता कळली. घरी परतावयास याहून मोठे कारण कोणते? तरीही ते पुढेच गेले. 12 फेब्रुवारी 1939 रोजी पथक येनानला पोहोचले.

आवण उपटून लावणी केली की रोप काही दिवस पिवळे पडते, मान टाकते. नवखा मनुष्य घाबरतो. जाणता शेतकरी खाचरात पाणी बेताचे राखून मूळ धरण्याची वाट पाहतो. कोटणिसांनी असे मूळ धरले की, चिनी भाषा शिकून पुढे त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकवू लागले, व 1941 साली बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी ते तेथेच वारले. इतर चौघे स्वदेशी परतले.

प्रत्येकाने कोटणीस व्हावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु निघण्यापूर्वी काही गोष्टी उरकाव्यात. त्या देशाची बोली निदान बाजारहाटापुरती शिकावी. आपणांस कोणते काम नेमून दिले आहे, हे लेखी मागून घ्यावे. आणि मागे कोणी आजारी पडले अथवा वारले तर काय करावयाचे, हे घरच्या वडील माणसांशी उघडपणे बोलून ठरवावे. हे बोलणे अशुभ मानून टाळले जाते, हे आम्ही जाणतो. तरी ते टाळू नये.

बापासही एक विनंती. पहिल्या पंधरवड्यात मुलाचा निरोप येईल की, येथे मला कोणी काम सांगत नाही, मी उगाच आलो. त्यावर लगेच परत बोलावू नये. राब भाजला का, पाऊस किती झाला, बैल कसा आहे, एवढे कळवावे. आणि तेथील लोक काय पेरतात, ते त्याला विचारावे.