'वल्द' आणि 'साकिन' : नाकाडोंगरी परिसरातील कुलशोधाची साधने

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी व त्याच्या आसपासच्या गावांतील एखाद्या कुटुंबाच्या चार-पाच पिढ्या कागदोपत्री सिद्ध करावयाच्या झाल्यास अभ्यासकाला प्रथम महसुली दप्तराकडेच वळावे लागते. हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. त्या कायद्याचे नियम वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन तर ग्राह्य मानतातच, शिवाय जुन्या जमीन-नोंदींतील व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळही पुरावा म्हणून स्वीकारतात. वंशावळ जुळविणे हे येथे हक्क जुळविणेच आहे.

आयर्लंडमधील संशोधकांची अडचण या संदर्भात बोधप्रद वाटते. डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात भस्मसात झाले. तेव्हापासून तेथील कुळांचा माग मुख्यतः १८४७ ते १८६४ या काळातील ग्रिफिथच्या मूल्यमापन-नोंदींवरून काढला जातो. भंडाऱ्यातील तीस वर्षांचा पहिला बंदोबस्तही १८६० च्या दशकातलाच. त्यापूर्वी, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, सारा गावाच्या पाटलाशी ठरत असे. साहजिकच त्या हिशेबांत सामान्य कुळाचे नाव सापडण्याची आशा फार धरू नये.

शोध नेहमी उलट दिशेने करावा. सात-बारा व फेरफार यांवरून १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत जाता येते. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आल्यानंतरचा हा अभिलेख असल्याने तो जुन्या व नव्या व्यवस्थेतील सांधा ठरतो. त्यामागे बंदोबस्ताची मिसल, तिच्यातील खसरा, जमाबंदी आणि वाजिब-उल-अर्ज. मिसलीत 'अमुक वल्द अमुक, साकिन अमुक' असा मजकूर असतो. 'वल्द' या एका अरबी शब्दामुळे प्रत्येक नोंदीत दोन पिढ्या हाती येतात. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन बंदोबस्तांत एकाचा पुत्र दुसऱ्याचा पिता म्हणून आढळला की साखळी जुळते.

जुळते असे वाटते, असे म्हणणे अधिक योग्य. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत असल्यामुळे 'सोमा वल्द महादू' हा आजोबा की नातू, हे केवळ नावावरून ठरत नाही. शेताचा खसरा क्रमांक व धारणेचा प्रकार ताडून पाहावाच लागतो. सोमा, सोम्या, सोमाजी ही तीन माणसे नसून एकाच माणसाच्या सामाजिक प्रतिष्ठेच्या तीन पायऱ्या असू शकतात. नोंद मोडीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीच पाळीत नाही. आडनाव बहुधा नसतेच.

'साकिन' तर याहून फसवे. नाकाडोंगरीच्या जवळच मँगनीजच्या खाणीमुळे प्रसिद्ध असलेले डोंगरी बुजुर्ग आहे. लेखनिकाने नुसते 'डोंगरी' लिहिले असल्यास कोणती डोंगरी समजावी? (देशावरच्या 'बुद्रुक'चे मूळ हेच फारसी 'बुजुर्ग'. तेथे ते मराठीने घडवून घेतले, इकडे हिंदीच्या शेजाराने मूळ रूप टिकविले.) अशा वेळी गावाचे नाव बाजूस ठेवून पटवारी हलका व बंदोबस्त क्रमांक प्रमाण मानावा. शिवाय बालाघाट जिल्हा १८६७ नंतर भंडाऱ्याचेही काही भाग घेऊन बनला, आणि १९५६ पासून मध्ये राज्याची सीमा आली. सोयरिकी मात्र ती मानीत नाहीत. पूर्वज पलीकडून आल्याची आठवण घरात असेल, तर बालाघाटचे दप्तर पाहिल्यावाचून शोध अर्धा राहतो.

स्त्रिया या कागदांत 'जौजे' किंवा 'बेवा' म्हणून, तेही जमीन नावे लागली तरच, येतात. मालगुजाराच्या सीर जमिनीवर राबणारे पोटकूळ, सालदार आणि खाणीवरचा मजूर यांना मिसल प्रायः ओळखत नाही. वनहक्काच्या दाव्यात कागदाची गरज नेमकी यांनाच अधिक. त्यांच्यासाठी जन्ममृत्यूची कोतवाल पंजी आणि शाळेचे दाखल-खारीज पुस्तक ही दोन साधने उरतात. कोतवाल पंजीत जमीन नसलेल्या बापाचेही नाव सापडते. तिची पाने मात्र ठिसूळ झाली आहेत. जेथे ती अद्याप हाती लागते, तेथे प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि वाचन मागाहून करावे.